दोन बोटं जास्त

टेपकाकूंनी सत्तरी ओलांडली, मालिका बंद होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी दूध आणायला जिना उतरतात तेव्हाही माप घ्यायची टेप त्यांच्या गळ्यातच असते. शेजारीण एकदा म्हणाली, "काकू, दूध काय टेपनं मोजून घेता?" काकू म्हणाल्या, "नाही गं, वाटेत तू भेटतेस ना, तुझी जीभ किती वाढली ते बघायला."

त्या कपडेपट सांभाळायच्या. म्हणजे मालिकेतल्या माणसांचे कपडे शिवायचे, धुवायचे, इस्त्री करायचे, आणि कुठल्या प्रसंगात कोणी काय घातलं होतं ते लक्षात ठेवायचं. बाबा निळा स्वेटर घालून जिना चढले आणि वर पोचेपर्यंत तो करडा झाला, असं होऊ द्यायचं नाही. स्टुडिओच्या शेवटच्या टोकाला त्यांची खोली होती. खिडकी नव्हती. दोन लांब दांड्यांवर कपडे, प्रत्येक हँगरला चिंधीचा नंबर, कोपऱ्यात मशीन, आणि दारामागे इस्त्रीचं टेबल. काकू तिथे आल्या तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या, काकू म्हणण्याचं काही वय नव्हतं. पण धाकटी त्यांना काकू म्हणायला लागली आणि मग दिवेवाल्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळ्यांनीच त्यांना काकू करून टाकलं.

धाकटी म्हणजे मालिकेतली शेवटची मुलगी. मालिकेत एक मोठं घर, मधोमध एक जिना, आई-बाबा, आजी, दोन दांडगे मुलगे आणि ही. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात गावात कुणी नळ उघडत नाही, असं पाणीखात्यातला एक माणूस सांगत असे. सगळ्यांचा जीव धाकटीवर. पाच वर्षांची असताना ती आली आणि लोकांना ती पाच वर्षांचीच हवी होती. मालिका नऊ वर्षं चालली.

आता मूल म्हटलं की वाढणारच. तिथे काकूंचं काम सुरू व्हायचं. त्या म्हणत, "मुलीला लहान ठेवायचं तर मुलीला हात लावायचा नाही. तिच्या भोवतीचं सगळं मोठं करायचं." धाकटीच्या फ्रॉकला त्यांनी झाकणाएवढी बटणं लावली. कॉलर खांद्याबाहेर जाणारी, बाह्या बोटांवर येणाऱ्या, घेर असा की आत दोन मुली मावतील. दप्तर दरवर्षी एक माप मोठं. बाहुली बदलली ती इतकी मोठी आणली की तिला धरायला धाकटीला दोन्ही हात लागायचे. बाबांच्या बुटात टाच वाढवली, ते नाटकातले जुने नट, म्हणायचे, "घरी बूट काढला की बायको विचारते, आज इतके खचलात कशानं?" आणि सोफा. सोफ्यावर बसल्यावर धाकटीचे पाय जमिनीला टेकता कामा नयेत, म्हणून सोफ्याच्या पायांखाली एक वीट आली. मग दोन. शेवटच्या वर्षी चार विटा होत्या आणि मालिकेतल्या आजीला बसायला स्टुलावर चढावं लागायचं. ती म्हातारी तोंडाची फटकळ. एकदा वर बसून म्हणाली, "एवढी वर चढवलीच आहेत मला, तर आता तशीच पुढे पाठवून द्या."

हे सगळे किस्से काकूंच्या घरी पाठ होते. पाहुणे आले की लेक म्हणायची, "आई, तो सोफ्याचा सांग." सोफ्याचा झाला की दोन बोटांचा. तो असा: मालिकेच्या सातव्या वर्षी निर्मात्यांनी कपडेपटाच्या दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकून घेतला. साडेचार फुटांवर. म्हणाले, हिचं डोकं इथे टेकलं की बास. मग कितीही मोठी बटणं लावा, लोक हसतील. गोष्टीतल्या धाकटीला वसतिगृहात पाठवायचं आणि मालिका गुंडाळायची. तेव्हापासून दर सोमवारी काकू तिला चौकटीला उभं करत, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरत, आणि खिळ्याच्या खाली किती बोटं आहे ते वहीत लिहीत. वही ऑफिसात जायची. एका सोमवारी खिळा दोन बोटांवर होता. अकरा वर्षांची धाकटी हळूच म्हणाली, "काकू, दोन बोटं जास्त लिहा ना. म्हणजे टेकलेच." काकू हसल्या. "अगं वेडे, बायका मला कमी लिहायला सांगतात. तू पहिलीच."

इथे पाहुणे हसायचे. कमरेची मापं आठवून एखादी पाहुणी जरा जास्तच हसायची. किस्सा इथेच संपायचा. पुढचा भाग काकूंनी कधी कोणाला सांगितला नव्हता.

मागच्या महिन्यात लेक नातीला घेऊन आली. वार मंगळवार, म्हणजे शाळेचा दिवस. नात सव्वासात वर्षांची, काकू तिला बबडी म्हणतात. बबडी आली तीच उड्या मारत. "आजी, मी धाकटी होणार."

लेकीनं पर्समधून फॉर्म काढला. ती जुनी मालिका नव्यानं करणार होते. नवं घर, नवा जिना, नवी धाकटी. शनिवारी ऑडिशन.

"पावणेचार फुटांच्या आत हवी म्हणतात," लेक म्हणाली. "सहा वर्षांची दिसायला हवी."

"आणि ही?"

"दोन बोटं जास्त आहे." लेक हसली. "बघ, तुझाच किस्सा. तेव्हा ती जास्त लिही म्हणत होती, आता तू कमी लिही. इथे उंची, आणि इथे माप घेणाऱ्याची सही. कोणाचीही चालते, पण खाली लिहायचं, जुन्या मालिकेच्या कपडेपटात नऊ वर्षं. मग तुझ्या मापावर पुन्हा कोण टेप लावणार आहे? तिथे नुसते नजरेनं बघतात. नजरेचं तू बघ. फ्रॉक शिव एक. तुझ्या पद्धतीचा."

काकूंनी फॉर्म हातात घेतला नाही. टेबलावर होता तिथेच वाचला.

"हिची शाळा?"

"शाळा कुठे पळून जाते?"

"लगेच हो म्हणू का? बघते."

"बघते काय, आई? कापड मी आणलंय." लेकीचा आवाज चढला. "मला तर तू एकदाही आत नेलं नाहीस. तिचे जुने फ्रॉक तेवढे आणायचीस. बाह्या दुमडून दुमडून घातले मी. वर्गातल्या मुली विचारायच्या, तू आहेस का त्यात? मी काय सांगायचं, माझी आई बटणं लावते?"

हे काकूंना ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांनी असं कापडाच्या पिशवीसकट समोर येईल असं वाटलं नव्हतं. बबडी मशीनच्या स्टुलावर बसून पाय हलवत होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"करेन मी," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी ये फ्रॉक न्यायला."

त्यांनी बबडीची मापं घेतली, आणि मायलेकी गेल्यावर कापड उलगडलं. पिवळं, बारीक ठिपक्यांचं. कापडावर खुणा करायला त्या अजूनही साबणाची चपटी वडी वापरतात, निळी. एकदा वापरून झिजली की कडा पात्यासारखी होते, तशी. वडी हातात घेतली, पण पहिली खूण केली नाही, कारण किस्स्याचा पुढचा भाग त्या वडीपाशीच होता.

धाकटीला खिळ्याला टेकायचं होतं, कारण तिच्या आईनं कबूल केलं होतं की टेकलीस की शाळा. खरी शाळा. मास्तर स्टुडिओत येऊन तासभर शिकवायचे, ती नव्हे. स्टुडिओच्या मागच्या जिन्यावरून एक शाळा दिसायची, तिथे घंटा झाली की मुली रांगेत उभ्या राहायच्या. धाकटी ती रांग बघायची. मालिकेतही ती शाळेत जायची, पण तिथली पुस्तकं कोरी असायची, नुसती वेष्टणं चढवलेली, आणि बाकावर शेजारी जी मुलगी बसे ती दर खेपेला नवी असे.

दोन बोटांचा तो सोमवार गेला आणि तीन महिन्यांनी काकूंच्या लक्षात आलं की फ्रॉकच्या शिवणीत कापड उरलं नाही. आत दाबून ठेवलेलं सगळं सोडून झालं होतं. मापायच्या आधीच त्यांना कळलं की येत्या सोमवारी ही टेकणार.

नवरा तेव्हा पाठीच्या दुखण्यानं वर्षभर घरी पडून होता. रंगभूषावाल्याच्या तीन मुली होत्या. पडद्यावरच्या आजीला दुसरीकडे कोणी काम देणार नव्हतं. ही कारणं काकूंनी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा मोजून दाखवली आणि ती खोटी नव्हती. पण त्या शनिवारी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मोठ्या कात्रीच्या मुठीनं खिळा उपटताना त्यांच्या मनात यातलं काहीच नव्हतं. मनात एवढंच होतं की सात वर्षं मी या पोरीला लहान ठेवलंय आणि एक खिळा मला हरवणार?

त्यांनी खिळा दोन बोटं वर ठोकला. जुनं भोक साबणाच्या वडीनं भरलं. वरून भिंतीवरची धूळ चोळली. म्हणजे वही खोटी होणार नव्हती. वहीत खिळ्याच्या खाली किती बोटं तेच लिहायचं होतं.

सोमवारी धाकटी आईला न घेता एकटीच धावत आली. केस पाण्यानं चापून बसवलेले, म्हणजे डोक्यावर फुगवटा नको, माप खरं यावं. टाचा चौकटीला लावून सरळ उभी राहिली. श्वास रोखून. काकूंनी पट्टी टेकवली. खिळा दोन बोटं वर होता.

धाकटीनं वळून बघितलं. मग बोट लावून चौकटीवर जुनी जागा चाचपली. बोट नाकाशी नेलं. काकूंकडे पाहिलं. काकू वहीत मान घालून म्हणाल्या, "हं, चला पुढे."

पुढे कोणीच नव्हतं. मापायला ती एकटीच असायची.

त्यानंतर तिनं कधी दोन बोटं मागितली नाहीत. त्यानंतर ती खिळ्याला टेकलीही नाही. दर सोमवारी पट्टी धरली की बरोब्बर दोन बोटं खाली. चार महिने, आठ महिने, वर्ष. ऑफिसातले म्हणायचे, बघा, वाढ थांबली, नशीब म्हणायचं. काकूंना नशीब कुठे आहे ते दिसत होतं. घेरदार फ्रॉकच्या आत ती गुडघे वाकवून उभी राहायची. घेर त्यांनीच शिवला होता, त्यातून काय झाकलं जातं ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्या लिहीत राहिल्या. दोन बोटं. दोन बोटं. अशी आणखी दोन वर्षं मालिका चालली आणि शेवटी प्रेक्षकांनाच कंटाळा आला.

हे सगळं जुनं झालं असतं. पण दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दार वाजलं आणि दारात बाई उभी. चाळिशीची, केस कापलेले, हातात कापडाची पिशवी.

"काकू, ओळखलंत?"

काकूंनी तोंड बघायच्या आधी खांदे बघितले. "धाकटी."

"आता दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते," ती म्हणाली. "लोक खिडकीतून वाकून वाकून बघतात, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. मी म्हणते, मागच्या वेळी याच खिडकीत." ती हसली. "पायघोळ कोट शिवायचाय. बाहेरचा कोट मला बसत नाही. कुठेतरी चुकतोच."

काकूंनी तिला भिंतीशी उभं केलं. खांदे घेतले, बाही घेतली. मग लांबी घ्यायला खाली बसल्या.

"सरळ उभी राहा गं."

"राहिलेय की."

राहिली नव्हती. गुडघे वाकलेले होते, जरासेच, पँटच्या कापडाला मागे घड्या पडतील एवढे. तिला ते माहीतच नव्हतं. काकूंनी माप घेतलं, पण कमरेपासून गुडघा आणि गुडघ्यापासून घोटा असं वेगवेगळं, बसवून, आणि वहीत बेरीज लिहिली.

जाताना दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "काकू, एक विचारू? तो खिळा कोणी हलवला होता? आई म्हणायची, ऑफिसातल्या साहेबांनी."

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात खरं सांगता आलं असतं.

"सुतारानं असेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा चौकटीचं काम काढलं होतं."

"बरं," ती म्हणाली. "फिटिंगला येते."

ती आली नाही. कच्चे टाके घातलेला कोट दोन वर्षं कपाटाच्या दाराला लटकून होता. बबडी त्याला कोटकाका म्हणायची.

शुक्रवारी लेक आली तेव्हा काकूंनी तिला चहा दिला आणि खिळ्याचं सगळं सांगितलं. लेकीनं नीट ऐकलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच काय?"

"मला वाटलं तू काहीतरी भयंकर सांगतेस. एक खिळा, आई. तिची आई होती ना तिथे? निर्माते होते ना? तू आपली कपड्यांची बाई. आणि ती पोर आज मजेत नोकरी करते. माझ्या मुलीला हवंय हे. तिला विचार. जबरदस्ती नाही कोणाची."

ते खरं होतं. बबडी गेले चार दिवस तिच्या इमारतीचा जिना उतरायचा सराव करत होती, एकेक पायरी, मालिकेतल्या धाकटीसारखी, डोळे मोठे करून. काकूंनी तिला फोनवर विचारलं होतं, "शाळा बुडेल, मैत्रिणी दिसणार नाहीत, चालेल?" बबडी म्हणाली होती, "आजी, मैत्रिणी मला टीव्हीत बघतील ना."

"फ्रॉक झालाय?" लेकीनं विचारलं.

"झालाय. फॉर्मही भरलाय. पाकिटात घातलाय."

फ्रॉक सुरेख झाला होता. शिवण अशी की उलटा घातला तरी कळू नये. लेकीनं तो घडी न मोडता तसाच पिशवीत ठेवला, आणि जाताना आईला मिठी मारली, जी ती सहसा मारत नसे. काकूंना ती मिठी शनिवार संध्याकाळपर्यंत अंगावर बोचत राहिली.

कारण फ्रॉक मापाचा होता. बटणं मुलींच्या फ्रॉकला असतात तेवढीच. बाही मनगटावर थांबलेली, कॉलर गळ्याशी, कंबर कमरेवर. त्यात बबडी जी होती तीच दिसत होती, सव्वासात वर्षांची, उंच बांध्याची, दोन दात पडलेली मुलगी. आणि फॉर्मवर उंची लिहिली होती ती होती तेवढी, खाली सही, आणि सहीखाली, जुन्या मालिकेच्या कपडेपटात नऊ वर्षं.

लेकीचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "तिथल्या बाईनं फॉर्म वाचला, हिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, वा, आजींनी माप अगदी चोख घेतलंय. आणि पुढच्या मुलीला बोलावलं. फ्रॉक मी हॉलबाहेर बघितला, आई. अंगावर. तोपर्यंत मी उलगडलाही नव्हता. विश्वास होता."

"मी तुला सांगितलं होतं खिळ्याचं."

"खिळ्याचं सांगितलंस. फ्रॉकचं नाही सांगितलंस. तेव्हाही तू कोणाला न सांगता केलंस, आताही तेच केलंस."

फोन बंद झाला. लेक म्हणाली ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, कुठेही चुकत नव्हतं.

दोन आठवडे लेक आली नाही. जावई मात्र एका दुपारी बबडीला सोडून गेला; दोघांनाही काम होतं आणि दुसरं कोणी नव्हतं. बबडी आजीशी बोलली नाही. बिस्कीट खाल्लं, चित्र काढलं, कोटकाकाला मात्र हळूच काहीतरी सांगितलं. काकूंनी समजूत काढायची म्हणून तिला दाराशी बोलावलं. दाराच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाच्या. "ये, बघू किती वाढलीस."

बबडी आली. दाराला टेकून उभी राहिली. काकूंनी पट्टी तिच्या डोक्यावर ठेवली. खूण वाढदिवसाच्या खुणेपेक्षा खाली येत होती. काकूंनी पुन्हा बघितलं. मग खाली बघितलं.

पोरीचे गुडघे वाकलेले होते.

"असं का उभी आहेस?"

"मी मोठी आहे म्हणून नाही घेतलं," बबडी म्हणाली. दोन आठवड्यांत तिनं आजीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "तू मला मोठी लिहिलंस."

"तू तेवढीच आहेस, बबडे."

"मग कमी लिही ना आता."

काकू खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी बबडीच्या गुडघ्यांमागे हात घातले, पण दाबलं नाही. मग त्यांनी धाकटीचा किस्सा सांगितला, दोन बोटांचा, आणि या वेळी हसण्याच्या जागी थांबल्या नाहीत. खिळ्याचं सांगितलं, साबणाचं सांगितलं, फ्रॉकच्या आतल्या गुडघ्यांचं सांगितलं.

बबडीनं ऐकून घेतलं. मग कपाटाकडे बोट केलं. "कोटकाका तिचा आहे?"

"हो."

"मग ती का नेत नाही?"

"मी तिला खोटं सांगितलं म्हणून."

"सॉरी म्हण ना मग," बबडी म्हणाली, आणि चित्राकडे निघून गेली. गुडघे सरळ होते की नाही, ते चालताना कळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कोट पिशवीत घातला आणि दवाखान्यात गेल्या. नोंदणीच्या खिडकीपुढे रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक खोकणारे गृहस्थ, मागे कडेवर मूल घेतलेली बाई. पाऊण तासानं खिडकी आली. धाकटी मान खाली घालून लिहीत होती.

"नाव?"

"खिळा मी हलवला होता," काकू म्हणाल्या.

धाकटीनं मान वर केली. पेन हातातच होतं.

"सुतारानं नाही. मी."

"माहीत आहे, काकू," ती म्हणाली. "भोकात साबण होता. तुमच्या वडीचा. दिवसभर माझ्या बोटाला वास येत होता."

"मग मला विचारलंस कशाला?"

"सांगता का बघायला."

मागची बाई म्हणाली, "अहो, तुमचं घरचं बोलणं नंतर बोला ना, मूल तापलंय." धाकटीनं तिच्याकडे बघून मान हलवली आणि काकूंना म्हणाली, "एक वाजता सुटी होते. त्या बाकावर बसा."

काकू दीड तास बाकावर बसल्या. एक वाजता धाकटी खिडकीमागच्या दारानं बाहेर आली. तिनं रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "कोट आहे का? बघू."

दवाखान्याच्या व्हरांड्यात, हात धुवायच्या नळाशेजारी आरसा होता. धाकटीनं कोट घातला. खांद्यात बसला. बाही बसली. पाठीत एकही घडी नव्हती. खाली मात्र तो घोट्यावर लोळत होता.

"लांब झालाय."

"नाही झाला," काकू म्हणाल्या. "मापाचा आहे. तू सरळ उभी राहिलीस तर."

धाकटी आरशात बघत राहिली. मग तिनं प्रयत्न केला. खरंच केला, नळाच्या कठड्याला हात टेकून तिनं गुडघे मागे लोटले, आणि क्षणभर कोटाची कड जिथे यायला हवी तिथे आली. तिच्या कपाळावर आठी पडली. मग गुडघे आपोआप आपल्या जागी आले.

"दुखतं," ती म्हणाली. "मी अशीच उभी राहते, काकू. अशीच राहणार. खालून वर घ्या."

काकू तिच्या पायाशी बसल्या. टाचण्या तोंडात धरल्या. कोटाची कड हाताच्या बोटांनी मोजून वर दुमडली. दोन बोटं. कात्री पिशवीत होती, ती त्यांनी सवयीनं बाहेर काढली.

वरून धाकटीचा हात आला आणि कात्रीवर थांबला.

"कापू नका," ती म्हणाली. "आत दुमडून ठेवा."